कंपाउंडरची शिळी गोळी

परवा फोनवर बोलताना धाकट्याच्या हातातला कसलासा रिमोट चालेना. त्याने तो दोनदा टेबलावर आपटला आणि म्हणाला, "जाऊ दे आजी, कंपाउंडरची शिळी गोळी आहे ही." इतक्या दूर जन्मलेला, मराठीची निम्मी क्रियापदं चुकवणारा माझा नातू हे एक वाक्य मात्र अगदी घरच्या हेलात म्हणाला. मी हसले, आणि फोन ठेवल्यावर कागद-पेन शोधायला उठले.

आपल्या घरात हे वाक्य चार पिढ्या चालत आलं आहे. विजेरी लागली नाही, छत्री उघडली नाही, कुकरची शिटी झाली नाही, की कंपाउंडरची शिळी गोळी. तुमचे बाबा म्हणतात, त्यांचे बाबा म्हणत, आणि सुरुवात केली ती त्यांच्या बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. हा कंपाउंडर कोण आणि ती गोळी कसली, हे तुम्हा दोघांना कोणी सांगितलेलं नाही. ते काम माझं आहे, कारण खरी हकीकत ठाऊक असलेलं माणूस आता मी एकटीच. म्हणून हे नीट समास सोडून, कागदाच्या एकाच बाजूला लिहिते आहे. वाचून झालं की घड्या जशा होत्या तशाच घालून ठेवा.

लग्न होऊन मी कशेळ्याला आले. कशेळे म्हणजे कर्जतहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव. वरच्या ठाकरवाड्यांतली माणसं मीठमिरचीला आणि औषधाला खाली येत ती इथेच. मामंजींची भाताची गिरणी होती आणि तिच्या भिंतीला भिंत लावून आमचं घर. तुमचे आजोबा कर्जतच्या शाळेत शिकवत. सकाळच्या एस.टी.ने जात, संध्याकाळच्या एस.टी.ने येत. मी पुण्याला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. त्या इंग्रजीचं कशेळ्यात काय करायचं, हा प्रश्न माझ्यासकट सगळ्यांना पडला होता. तो कंपाउंडरांनी सोडवला.

दवाखाना बाजाराच्या टोकाला होता. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस कर्जतहून येत. उरलेले दिवस सगळा कारभार कंपाउंडरांचा. उंच, काटकुळे, आणि मानेत कायम वाकलेले, कारण औषध द्यायची खिडकी त्यांच्यापेक्षा बुटक्या माणसासाठी केलेली होती. गळ्यात सुतळीने बांधलेली कात्री आणि बोटांना कायम खळ. त्या काळी पातळ औषध न्यायला बाटली आपली आपण आणायची. डोस कळावा म्हणून त्या बाटलीवर खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवत. औषध एक खाच खाली उतरलं की एक डोस झाला. कंपाउंडर ही पट्टी गप्पा मारता मारता, कागदाकडे न बघता कापत. मी एकदा हट्टाने फूटपट्टी लावून त्या खाचा मोजल्या. तंतोतंत सारख्या होत्या.

वाचता न येणाऱ्यांच्या पुड्यांवर ते चित्रं काढत. सकाळच्या गोळीला कोंबडा, दुपारच्या गोळीला सूर्य, संध्याकाळच्या गोळीला रॉकेलची चिमणी. सूर्य आणि चिमणी बरी जमे. कोंबड्याच्या नावाने बोंब होती. एकदा वाडीवरची एक म्हातारी चार दिवसांनी पुड्या तशाच परत घेऊन आली.

"खाल्ल्या का नायस गं?"

"आमच्याकडं बदक नाय," म्हातारी म्हणाली.

कंपाउंडरांनी पुडी उलटसुलट करून बघितली. "बदकाचं मी बघतो," ते गंभीरपणे म्हणाले. "तू कोंबडा आरवला की घे."

त्यांची दुसरी खोड म्हणजे बनवलेलं प्रत्येक औषध खिडकीतून बाहेर जाण्याआधी ते स्वतः बोटाने चाखत. "जे आपल्याला गिळवत नाय ते दुसऱ्याच्या घशात कसं घालायचं?" त्यामुळे दुपारपर्यंत त्यांच्या जिभेला त्या दिवसाचा रंग चढलेला असे. लाल असली तर गावात पोटाच्या तक्रारी, तपकिरी असली तर खोकल्याची साथ. आमच्या सासूबाई बाजारातून आल्या की सांगत, "आज कंपाउंडरची जीभ तपकिरी हाय. लेकरांना गार पाणी देऊ नका गं."

पण त्यांचं खरं वेड म्हणजे तो प्रश्न. औषध हातात ठेवण्याआधी ते पुडी धरून ठेवत आणि विचारत, "हे पोटात गेल्यावर कुठं जाणार?"

डोकेदुखीवाला म्हणे, "डोक्यात."

"चूक. मागं जा."

आणि खरोखर त्याला रांगेच्या शेवटी पाठवत! सांधे धरलेली म्हातारी "गुडघ्यात" म्हणाली तर तीही मागे. एकदा गावचे पाटीलसुद्धा दोनदा मागे गेले. बरोबर उत्तर होतं 'सगळीकडं'. ते मिळालं की कंपाउंडर खूष होऊन, ऐकणाऱ्याला ताप आहे की कळ आहे याची पर्वा न करता, समजावून सांगू लागत.

"औषदाला पत्ता ठाऊक नसतो. तुजं डोकं कुठं नि गुडघा कुठं, त्याला काय कळतंय? ते रगताच्या एस.टी.त बसतं. एस.टी. सगळ्या थांब्यांवर थांबते. ज्याची जिथं ओळख, तो तिथं उतरतो. तुज्या डोक्यात ओळखीचं दार सापडलं की तिथलं दुखणं थांबतं. पण त्याची पोटात बी एक ओळख हाय. तिथं उतरला की जळजळ करतो. म्हणून उपाशीपोटी घ्यायचं नाय. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"एस.टी.," रोगी कण्हत म्हणे, आणि सुटका करून घेई.

पुढे पुढे लोक खिडकीत तोंड घालताच नमस्काराऐवजी "सगळीकडं!" असं ओरडत. त्यांना ती दवाखान्याची रीतच वाटे. पण मी सांगते, मुलांनो, पुढे तुमच्या आत्याच्या कॉलेजच्या पुस्तकात हाच विषय मी इंग्रजीतून वाचला, तेव्हा कंपाउंडरांच्या एस.टी.पलीकडचं फारसं काही त्यात सापडलं नाही. फक्त थांब्यांची नावं लांबलचक होती.

आमच्याकडे औषध 'उष्ण पडतं' अशी समजूत. ते पडू नये म्हणून प्रत्येक गोळीवर दूध प्यायचं, आणि ज्याच्या दारात म्हैस आहे त्याने तांब्याभर प्यायचं. एका शेतकऱ्याच्या पायाची जखम पिवळ्या कॅप्सूलने भरेना. कंपाउंडर सायकल काढून थेट त्याच्या घरी गेले आणि ओट्यावर तो दूध पीत असतानाच त्याला गाठलं. "अरं, दुधातला चुना नि ही क्याप्सूल पोटात भेटली की एकमेकांना अशी मिठी मारतात की कोणी आत जायला तयार नाय. जशी गेली तशी बाहेर. तू आठ दिवस म्हशीला औषध पाजल्यागत केलंस." सल्फाच्या गोळ्यांचं उलट. त्यावर पाणी भरपूर हवं, नाही तर लघवीत त्याचे खडे धरतात. म्हणून सल्फाचा रोगी दिसला की ते त्याला समोर उभा करून तीन तांबे पाजत. चौथा भरेपर्यंत तो पळालेला असे.

तर माझ्या इंग्रजीची गोष्ट. एके दुपारी गिरणी बंद असताना ते बिस्किटाचा गंजका डबा घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले. डब्यात औषधांच्या खोक्यांतून निघालेले छापील कागद होते, वर्षानुवर्षांचे. त्यांनी एकही टाकला नव्हता.

"सूनबाई, तुमी इंग्रजी शिकलात म्हणे. मी सातवी. डॉक्टरांना इचारलं तर त्यांना टाइम नाय. हे वाचा."

मी वाचायला लागले. रोज दुपारी अर्धा तास. मी इंग्रजी वाचायचे, शब्दकोश बघून त्याचं मराठी करायचे, आणि मग ते माझ्या मराठीचं मराठी करायचे. मी म्हणे, "रक्तवाहिन्यांचे विस्फारण होते." ते क्षणभर डोळे मिटत. "म्हंजे खाचराचा बांध फोडला, पाणी खालच्या खाचरात गेलं, वरचा ताण कमी झाला." मी म्हणे, "मूत्रपिंडावाटे उत्सर्जन होते." ते म्हणत, "म्हंजे शेवटी सगळं उल्हास नदीला." माझ्या पदवीला एवढा मन लावून ऐकणारा विद्यार्थी दुसरा मिळाला नाही. दोन महिन्यांत मी ते सगळे कागद इस्त्री करून, अक्षरांच्या क्रमाने लावून, सूची करून दिले. सूची बघून त्यांनी कात्री बाजूला ठेवली, आणि ती ते सहसा ठेवत नसत. "हे बेस केलंत. आता मी मेलो तरी औषद सापडंल."

मला व्यवस्थेची आवड आहे हे तुम्ही जाणताच. ते कौतुक मला जरा जास्तच मानवलं.

त्याच सुमाराला मामंजींच्या छातीत दुखू लागलं. चार पावलं चढावर गेलं की छातीवर भाताचं पोतं ठेवल्यासारखं होई. मुंबईच्या डॉक्टरांनी हृदयाच्या शिरा अरुंद झाल्याचं सांगितलं आणि जिभेखाली ठेवायची बारीक गोळी लिहून दिली. ती कंपाउंडरांनी कर्जतच्या दुकानातून आणून दिली. तपकिरी काचेची बोटभर बाटली होती.

"जिभेखाली?" मामंजी म्हणाले. "गोळी गिळायची असते रं. ही काय चघळायची? मी काय पोर हाय?"

मामंजींना लेव्हीचा फार राग. त्या काळी गिरणीत भरडून निघालेल्या तांदळाचा ठरावीक हिस्सा सरकारला लेव्ही म्हणून द्यावा लागे, आणि तो गेला की दोन दिवस घरात कोणी त्यांच्याशी बोलत नसे. कंपाउंडरांनी नेमकं तेच धरलं.

"शेट, पोटात गेलेला सगळा माल आधी लिव्हरच्या दारात जातो. लिव्हर त्याची लेव्ही घेतं, मंगच बाकीचा पुढं सोडतं. काही औषदांतनं थोडी घेतं. ही गोळी गिळलीत तर सगळीच लेव्हीत जाते, पुढं दाणा बी सोडत नाय. पण जिभेखालनं जो रस्ता हाय, त्याला लिव्हरचं दार लागत नाय. थेट रगतात, थेट काळजात."

मामंजी हळूहळू हसले. "म्हंजे लेव्ही चुकवून?"

"सगळीच्या सगळी."

"आण रं ती गोळी. हे औषद आपलं हाय."

मग कंपाउंडरांना राहवलं नाही, आणि खाणीत सुरुंगाला वापरतात त्याच जातीचं हे द्रव्य आहे, हेही त्यांनी सांगून टाकलं. सासूबाईंनी तीन दिवस मामंजींना चुलीजवळ बसू दिलं नाही.

पहिली गोळी घेतली तेव्हा छातीचं दुखणं दोन मिनिटांत गेलं आणि मामंजींचं डोकं असं ठणकलं की त्यांनी कंपाउंडरांना बोलावून शिव्या घातल्या. कंपाउंडरांचा चेहरा उजळला. "म्हंजे माल चोख हाय! बांध फुटला की पाणी डोक्याकडं बी जातं, शेट. जीभ चुरचुरली पायजे नि डोकं ठणकलं पायजे. तोवर गोळी जित्ती हाय."

त्या गोळ्यांचा छापील कागद मीच वाचून दाखवला होता. 'मूळ काचेच्या बाटलीतच ठेवावे. झाकण घट्ट लावावे. कापूस घालू नये.' कंपाउंडरांनी मान तीनदा हलवली आणि मला तेवढंच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मला वाटलं, कंपन्या असं सगळ्याच औषधांवर लिहितात.

दिवाळीच्या आधी मी घर आवरायला काढलं. फडताळात औषधांचा नुसता बाजार भरला होता. चिकट बाटल्या, फाटकी खोकी, कुणाची गोळी कुठली ते कळायला मार्ग नाही. माझ्या लग्नात मावशीने शिवणाचा एक डबा दिला होता, शिसवी लाकडाचा, आत बारा खण. मी तो रिकामा केला. प्रत्येक खणात कापसाची छोटी गादी घातली, म्हणजे गोळ्या खुळखुळायला नकोत. सासूबाईंच्या गोळ्या डावीकडे, मामंजींच्या उजवीकडे. झाकणाच्या आत सुबक अक्षरात नकाशा लिहून चिकटवला. बाटल्या धुऊन भंगारवाल्याला दिल्या. आल्या-गेल्याला सासूबाई तो डबा उघडून दाखवत. "आमची सून बघा. औषदांची सुद्धा रांगोळी घालते."

नेमके कंपाउंडर मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. त्यांचं गाव चौक, मुंबई-पुण्याच्या जुन्या हमरस्त्यावरचं. तिथे ते महिनाभर अडकले.

त्या महिन्यात मामंजी एकदा म्हणाले, "सूनबाई, तुज्या डब्याचा गुण हाय हां. आता डोकं अजिबात दुखत नाय." मला केवढा अभिमान वाटला! छातीत दुखलं की ते गोळी ठेवून खाटेवर बसत, आणि थोड्या वेळाने दुखणं ओसरे. ते नुसत्या बसण्याने ओसरत होतं, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. श्रेय गोळीला जात होतं, आणि गोळीचं श्रेय मला.

नवा भात गिरणीवर येऊ लागला. एका दुपारी तांदळात कणी फार पडते म्हणून एका गाडीवाल्याशी मामंजींचा वाद चालला होता. मी घरातून त्यांचा आवाज ऐकत होते. मग एकदम नुसतं यंत्रच ऐकू येऊ लागलं. बाहेर आले तर मामंजी पोत्यावर बसलेले, चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. हाताने छाती दाबून त्यांनी नुसतं म्हटलं, "डबा."

मी धावत डबा आणला. खण चटकन सापडला, तेवढी सोय माझ्या व्यवस्थेत होती. गोळी जिभेखाली ठेवली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. तीन मिनिटं झाली. काही नाही. दुसरी ठेवली. आणखी तीन मिनिटं. मामंजींचे ओठ निळसर दिसू लागले. कोणीतरी यंत्राचा पट्टा उतरवला आणि सगळीकडे शांतता झाली.

"मामंजी, कशी लागते गोळी?"

"खडूसारखी," ते पुटपुटले.

हमाल सायकल घेऊन दवाखान्याकडे सुटला होता. कंपाउंडर आदल्या दिवशीच रजेवरून आले होते, ही देवाची कृपा. ते मागच्या कॅरियरवर बसून आले, कात्री गळ्यात लोंबकळत, बोटाला पट्टी चिकटलेली. खाली वाकून त्यांनी एकच विचारलं.

"शेट, जीभ चुरचुरली?"

मामंजींनी मान हलवली. नाही.

कंपाउंडरांनी दोन्ही गोळ्यांचा लगदा बोटाने काढला. मग त्यांनी आपल्या बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. एक बोटभर तपकिरी बाटली बाहेर आली. तिच्या बुडाशी चारपाच गोळ्या होत्या. त्यातली एक त्यांनी मामंजींच्या जिभेखाली ठेवली आणि झाकण लगेच घट्ट फिरवलं.

"चुरचुरतंय?"

"व्हय," मामंजी म्हणाले. "मिरची लागल्यागत."

सासूबाईंनी माझा हात धरला होता. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतं. मग मामंजींनी एक लांब श्वास घेतला, आणखी एक घेतला, आणि दोन्ही हातांनी कपाळ धरून ओरडले, "आई गं! डोकं फुटलं माझं!"

सासूबाई रडायलाच लागल्या. हमाल हसायला लागला. ज्याच्याशी भांडण चाललं होतं तो गाडीवाला हात जोडून म्हणाला, "देव पावला, शेटचं डोकं दुखतंय!" सासूबाईंनी देवापुढे गूळ ठेवला आणि सगळ्या गिरणीला वाटला. डोकं दुखतं म्हणून गूळ वाटणारं घर त्रिभुवनात आपलंच असेल.

मी मात्र उघडा डबा घेऊन तशीच उभी होते. कंपाउंडर माझ्याकडे आले. त्यांनी बारा खण पाहिले, कापूस पाहिला, सुबक नकाशा पाहिला. त्या खणातली एक गोळी उचलून, सवयीप्रमाणे, जिभेला लावली. मग डब्याचं झाकण अगदी हळू बंद केलं.

"काय वो," सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं, "ह्या गोळ्यांना काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, पण त्यांचं उत्तर आधी आलं.

"शिळ्या होत्या. माझ्याकडनंच तशा गेल्या. चुकलं माझं."

"शिळी गोळी देतोस?" मामंजी पोत्यावरूनच गरजले. आवाज परत आला म्हणून सगळ्यांना आनंदच झाला. संध्याकाळी कर्जतहून डॉक्टर जीपने आले, मामंजींना तपासलं, आणि मग ओट्यावर चार माणसांदेखत कंपाउंडरांना नको नको ते बोलले. वाकायची सवय असलेली ती मान आणखी थोडी वाकली. मी दाराआड उभी होते.

दोन रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात गेले. ते खिडकीशी एकटेच पट्ट्या कापत बसले होते.

"असं का केलंत?" मी विचारलं.

"त्या औषदाला उडायची खोड हाय, सूनबाई. बाटलीतनं निघालं की हवेत जातं, कापसात बसतं. मागं नुसता खडू राहतो." कात्री चालूच होती. "वाचलंत तुमी. कळलं मला. एवढाच फरक झाला."

आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ सुनावलं, पण एवढं नेमकं कोणी नाही.

"मी आज घरी सगळं सांगणार आहे."

"सांगा. मंग पुढच्या खेपेला शेटच्या जिभेखाली गोळी कोण ठेवणार? त्या घरात बाटलीवरचं वाचता येणारं माणूस दिवसभर तुमी एकच. तुमच्यावरचा इस्वास गेला तर शेट तुमच्या हातचं पाणी बी हुंगून पितील. माझं काय, मला चार दिवस शिव्या घालतील नि पाचव्या दिवशी पोट दुखलं की सगळीकडं म्हणून ओरडत येतील."

मग एकदम मला ती बंडी आठवली.

"तुमच्या खिशातली बाटली कुणाची, काका?"

कात्री थांबली. "कुणाची म्हंजे?"

"महिनाभराने आलात. बाटली निम्म्याहून रिकामी होती."

त्यांनी खिडकीबाहेर डोकावून बघितलं. बाहेर कोणी नव्हतं. "घरी ठाऊक नाय," ते हळू म्हणाले. "पोरीचं लगीन व्हायचं होतं. नि आजारी कंपाउंडरच्या हातचं औषद कोण घेतं? तर आता असं करू. तुमचं एक माझ्याकडं, माझं एक तुमच्याकडं." मग लगेच नेहमीच्या आवाजात, "नि त्या डब्यात आता सुयाच ठेवा."

मामंजी त्यानंतर बारा वर्षं जगले. ते बाटली स्वतःच्या कनवटीला ठेवत, आणि तिच्यावर माझ्या अक्षरात मराठीत लिहिलेलं असे, 'यातून काढून दुसरीकडे ठेवू नये.' प्रत्येक पाहुण्याला ते शिळ्या गोळीची हकीकत सांगत, दरवेळी थोडी वाढवून. कंपाउंडर तिथे असले तर हसत आणि आढ्याकडे बघत. चौथ्यांदा ऐकताना ते मध्येच म्हणाले, "शेट, मागल्या खेपेला तुमी दोनदा मेला होतात, आज तीनदा?" घरातली भांडी, घड्याळं, एकूण एक निकामी वस्तूला कंपाउंडरांचं नाव लागत गेलं, आणि दरवेळी मी पानावर खाली मान घालून जेवत राहिले.

ते निवृत्त होऊन चौकला गेले. काही वर्षांनी गेल्याचं कळलं, तेव्हा मी भेटायला गेले. हमरस्त्यावर ट्रक धडधडत होते, आणि मागच्या अंगणात दोरीवर त्यांची बंडी अजून वाळत होती. त्यांच्या बायकोने आतून एक तपकिरी बाटली आणून माझ्या हातात दिली.

"ह्यांच्या खिशात सापडली. त्यावर इंग्रजीत लिवलंय. तुमाला वाचता येतं, ते नेहमी सांगायचे. काय लिवलंय वो? काय आजार होता का त्यांना?"

मी बाटली उन्हात धरली. अक्षरं बारीक होती, पण मला ती पाठ होती.

"डोकं दुखतं ना, त्याच्या गोळ्या आहेत," मी म्हणाले. तेवढं तरी खोटं नव्हतं.

"तरीच," त्या म्हणाल्या. "डोकं फार दुखायचं त्यांचं."

आता त्याही नाहीत, मामंजी नाहीत, सासूबाई नाहीत. त्यांचं माझ्याकडे होतं ते मी सांभाळलं. माझं त्यांच्याकडे होतं ते त्यांनी सोबत नेलं. हिशेब तेव्हाच सुटला होता, पण त्यांच्या नावावर माझी चूक दोन समुद्रांपलीकडे जाऊन पोचली आहे, हे परवा त्या रिमोटवरून कळलं. तेव्हा लिहून ठेवते: ती गोळी शिळी नव्हती. कंपाउंडरांनी दिली तेव्हा ती अगदी जित्ती होती. ती मी मारली, कापसाच्या गादीवर निजवून.

तुमच्यातल्या थोरलीने मागच्या वर्षी मला सात वारांच्या खणांची गोळ्यांची डबी पाठवली, आणि विचारलं होतं की एक गोळी मी तिच्यात का घालत नाही. ती माझ्या तपकिरी बाटलीत आहे, उशाशी. कधी घ्यावी लागली तर जीभ चुरचुरते आणि मग डोकं ठणकायला लागतं. मी मनात म्हणते, माल चोख हाय.

शिसवी डबा अजून आहे. त्यात सुया आहेत. यापुढे तुमच्याकडे काही बंद पडलं, चाललं नाही, ऐन वेळी दगा दिला, तर त्याला 'आजीचा डबा' म्हणायचं. धाकट्याने पुढच्या फोनवर मला एकदा म्हणून दाखवायचं आहे. हेल चुकला तरी चालेल.